पटाच्या तराजूत खेड्याची शाळा

सातारा जिल्ह्याच्या कराड तालुक्यात काले आणि गोळेश्वर ही दोन गावे आहेत. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. गोळेश्वर येथे १९२६ साली खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. कराडच्या टिळक हायस्कुलात शिकलेल्या या शेतकऱ्याच्या मुलाने १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीचे कांस्यपदक मिळविले आणि स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक लाभले. त्याच्या प्रवासासाठी गावोगाव वर्गणी गोळा झाली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. भाऊरावांच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र विकले गेले होते, आणि शाळा चालविण्यासाठी घरोघरच्या बायका दळणकांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवीत होत्या.

पुण्यतिथीच्या आणि जयंतीच्या भाषणांत या कथा आजही मोठ्या गहिवराने सांगितल्या जातात. परंतु त्यांच्यातील आर्थिक तथ्य मात्र कोणी सांगत नाही. ते तथ्य असे की, ग्रामीण महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षणाचे आणि खेळाचे मूळ भांडवल सरकारी तिजोरीतून आलेले नाही. ते खेड्याने उभे केले आहे. जमीन गावाची, श्रमदान गावाचे, धान्य गावाचे. सरकार नंतर आले. त्याने शिक्षकांच्या पगाराची जबाबदारी घेतली आणि शाळेला सार्वजनिक स्वरूप आले, हे मान्यच केले पाहिजे. पण जे सरकार उशिरा आले, तेच आज दारात उभे राहून गावाला विचारीत आहे: "तुमचा पट किती?"

पट म्हणजे हजेरीवरील मुलांची संख्या. या एका आकड्यावर शाळेचे सारे जीवन टांगलेले आहे. पटावरून संचमान्यता ठरते, संचमान्यतेवरून शिक्षकांची पदे ठरतात आणि शाळा राहते की जाते हेही ठरते. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे एकत्रीकरण करून 'समूह शाळा' काढण्याचे प्रस्ताव मागविले. अशा शाळांची संख्या १४,७८३ आणि त्यांतील मुलांची संख्या सुमारे १ लाख ८५ हजार असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. नमुन्यादाखल पानशेत आणि तोरणमाळ यांची नावे घेण्यात आली. त्यापुढचे पाऊल १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निकषांनी टाकले. वीसपेक्षा कमी पटाच्या वरच्या वर्गांना पूर्णवेळ शिक्षक मिळणे त्या निकषांनी दुरापास्त केले, म्हणूनच शिक्षक रस्त्यावर उतरले. समूह शाळेच्या यादीतील बहुसंख्य शाळा प्राथमिक होत्या. तेव्हा हायस्कुलांना भय नाही, असे कोणी म्हणेल. पण वाडीवरची चौथी बंद झाली की गावच्या हायस्कुलातली आठवी आपोआप रिकामी होते. झऱ्याचे मूळ बुजवायचे आणि ओढा आटला म्हणून ओढ्याला दोष द्यायचा, असा हा प्रकार आहे.

लहान शाळा महाग पडते, हा या धोरणाचा मुख्य युक्तिवाद. शिक्षकांचा पगार कमी मुलांत विभागला गेला की दरडोई खर्च वाढतो, हे गणित शाळकरी मुलालाही समजते. प्रश्न असा आहे की, या हिशेबात काय धरले आहे आणि काय वगळले आहे. समजा, एका वस्तीजवळचे हायस्कूल बंद झाले आणि तिथल्या मुलीला सात किलोमीटरवरच्या शाळेत जावे लागले. जाऊन-येऊन रोजचे चौदा किलोमीटर. वर्षाचे २२० शालेय दिवस धरले तर ३,०८० किलोमीटर. रोजचे तीन तास चालण्यात गेले तर वर्षाचे ६६० तास. हे तास तिच्या अभ्यासातून, झोपेतून आणि घरकामातून कापले जातात. घरकाम तर सुटत नाहीच, म्हणून अखेर शाळा सुटते. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही, कारण तो सरकारी तिजोरीतून होत नाही. म्हणजे खर्चात बचत झाली असे नव्हे. खर्च सरकारच्या खात्यातून उचलून शेतमजुराच्या मुलीच्या पायांवर टाकला गेला. अर्थशास्त्रात याला काटकसर म्हणत नाहीत, भार-संक्रमण म्हणतात. एस.टी.चा मोफत पास आणि मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या आहेत, असे उत्तर यावर दिले जाते. त्या असाव्यातच. पण गाडीच्या भरवशावर शाळा बंद करणे म्हणजे काय, हे २०२१-२२ च्या एस.टी. संपात खेड्यातल्या मुलींनी अनुभवले आहे. शाळा उघड्या होत्या आणि गाडी नव्हती.

वस्तीपासून पाच किलोमीटरच्या आत माध्यमिक शाळा असेल, असे उद्दिष्ट राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने २००९ साली जाहीर केले होते. त्याच वर्षी शिक्षणहक्काचा कायदा संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. पण हा हक्क वयाच्या चौदाव्या वर्षी, आठवीच्या वर्गाशी येऊन थांबतो. आठवी पास झालेल्या मुलीला सरकार कायद्याने काहीही देणे लागत नाही. मुलीचे लग्न करावे की तिला पुढे शिकवावे, हा प्रश्न खेड्यातील घरात नेमका ज्या वयात उभा राहतो, त्याच वयात राज्यसंस्था तिचा हात सोडते. हायस्कूल हे खेड्याच्या शिक्षणाचे सर्वांत नाजूक ठिकाण आहे ते यासाठी, आणि पटाचा वार नेमका तिथेच बसतो आहे.

या धोरणाच्या समर्थकांचा एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. ते म्हणतात की, दहा-पंधरा मुलांच्या शाळेत एकच शिक्षक तीन विषय शिकवितो, प्रयोगशाळेचे दार वर्षातून दोनदा उघडते, संघ करावा म्हटले तर कबड्डीला सात गडी भरत नाहीत. अशा शाळेत मुलाला डांबून ठेवण्यात कसले पुरोगामित्व? मुद्दा खरा आहे. एकाकी शाळा दुबळी असते. पण या दुखण्यावरचा उपाय कोठारी आयोगाने १९६६ सालीच सांगून ठेवला आहे. 'शाळा-संकुल' ही कल्पना त्या आयोगाची. माध्यमिक शाळा केंद्रस्थानी असावी, आसपासच्या शाळा आपापल्या जागी राहाव्यात आणि प्रयोगशाळा, ग्रंथालय, विषयतज्ज्ञ शिक्षक यांचा लाभ सर्वांनी वाटून घ्यावा, असा तिचा आशय होता. कोठारींच्या संकुलात साधने मुलांकडे जात होती. आजच्या समूह शाळेत मुलांना साधनांकडे हाकलत नेले जाते. शब्द जवळचा घेतला आणि अर्थ उलटा केला. त्याच आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च करावी असे सांगितले होते. १९६८ च्या धोरणाने ते मान्य केले, २०२० च्या धोरणाने पुन्हा मान्य केले, आणि ते सहा टक्के अद्याप गाठलेले नाहीत. जे पाळायला पैसा लागतो ते धोरणात राहते, जे मोडून पैसा वाचतो ते मात्र ताबडतोब अमलात येते.

मग शाळांत शिकविले तरी काय जाते? राज्याचा दहावीचा निकाल २०२४ साली ९५.८१ टक्के आणि २०२५ साली ९४.१० टक्के लागला. या आकड्यांवर मंत्र्यांची अभिनंदने झाली. पण 'असर' या पाहणीने २०२३ साली देशातील ग्रामीण भागांतल्या चौदा ते अठरा वयाच्या मुलांना तपासले, तेव्हा सुमारे चौथा हिस्सा मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर स्वतःच्या भाषेत अस्खलित वाचता येत नव्हता आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे निम्म्याहून अधिक मुलांना जमत नव्हते. तो नमुना साऱ्या देशातला होता, महाराष्ट्रातला एकच जिल्हा त्यात होता, हे लक्षात घेऊनही या दोन आकड्यांतील अंतर झोप उडविणारे आहे. गुणपत्रिका वाढली आणि विद्या घटली. हा दोष शिक्षकाच्या माथी मारणे सोपे आहे. पण मे २०१२ मध्ये शिक्षकभरती कोणी थांबविली? पदवी आणि बी.एड. घेऊन आलेल्या माध्यमिक शिक्षणसेवकाला २०२३ पर्यंत दरमहा आठ हजार रुपयांवर तीन वर्षे कोणी राबविले? २००१ साली 'कायम विनाअनुदान' हे बिरुद लावून नव्या शाळांना कोणी वाऱ्यावर सोडले? त्यातला 'कायम' हा शब्द काढायला २००९ साल उजाडले आणि वीस टक्क्यांचा पहिला हप्ता मिळायला २०१६. या पंधरा वर्षांत कित्येक शिक्षकांनी पगारावाचून फळ्यावर खडू झिजविला आणि सुटीच्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात रोजंदारी केली. डिसेंबर २०२० मध्ये तर शिपायाचे पदच मोडीत काढून त्या जागी भत्ता देण्याचे ठरले. ग्रामीण शाळेसाठी हा भत्ता महिना पाच हजार रुपये. शाळेची घंटा वाजविणारा, खोल्या झाडणारा, पोर आजारी पडले तर त्याला घरी पोचविणारा माणूस सरकारला परवडेनासा झाला.

आता मैदानाकडे वळावे. खेड्याच्या हायस्कुलात मैदान ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. पुस्तकात मागे पडलेल्या पोराला ताठ मानेने उभे राहण्याची ती एकमेव जागा होती. खो-खोच्या पाटीवर जात आणि जमीन विसरून मुले शेजारी बसत होती. निदान तेवढा वेळ तरी. या मैदानाचा प्राण म्हणजे शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीने सहावी ते आठवीच्या पातळीवर शारीरिक शिक्षण, कला आणि कार्यशिक्षण यांसाठी निदेशक सांगितला, पण तोही अंशकालीन आणि तोही शंभराहून अधिक मुले असतील तेथेच. २०१५ साली संचमान्यतेचे निकष बदलले तेव्हा क्रीडाशिक्षकांच्या पदांवर गदा आली आणि त्याविरुद्ध राज्यभर आवाज उठला. ज्या शाळेत शंभर मुले नाहीत, तेथे कायद्याच्या मते मुलांना शरीर नाही! दहावीला या विषयाला श्रेणी मिळते, पण ती टक्केवारीत धरली जात नाही. म्हणून परीक्षेच्या वर्षी खेळाचा तास गणिताने किंवा इंग्रजीने गिळला तरी कोणी तक्रार करीत नाही. उलट, स्पर्धेत चमकणाऱ्या खेळाडूला परीक्षेत सवलतीचे गुण दिले जातात. म्हणजे सर्वांसाठी खेळ नाही, आणि जो खेळतो त्याच्या खेळाची किंमत पुन्हा गुणांतच करायची.

इतके असूनही खेड्यांनी खेळाडू दिले. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळविले. माण या दुष्काळी तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर आधी खो-खो खेळत होती. २०१६ साली रिओ येथे ती तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे त्याच शर्यतीत २०२३ साली आशियाई सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-धावत जाई आणि त्यातूनच धावपटू घडला, ही कथा वृत्तपत्रांनी कौतुकाने छापली. ती वाचून टाळ्या वाजविणाऱ्यांनी एक प्रश्न स्वतःला विचारावा: त्या सहा किलोमीटरांनी किती साबळे घडविले आणि किती मुले घरी बसविली? शाळा दूर असणे हे दारिद्र्य आहे, प्रशिक्षण नव्हे. साबळेला पुढे सैन्यदलाने घडविले. तिथे मैदान होते, आहार होता, प्रशिक्षक होता. दारिद्र्याला गुरू ठरविणारी ही भाषा सरकारला फार सोयीची आहे, कारण ती ऐकली की मैदानाच्या कुंपणासाठी आणि खेळाच्या साहित्यासाठी पैसे मागणारा माणूसच रडतोंड्या वाटू लागतो.

अभ्यास आणि मैदान यांना सांधणारी तिसरी गोष्ट म्हणजे शाळेची परंपरा. पहाटेची प्रभातफेरी, लेझीम, शनिवारची सकाळची शाळा, श्रमदानाने बांधलेली ताल, दहावीच्या मुलांची कंदिलाच्या उजेडातली रात्रीची अभ्यासिका, स्नेहसंमेलनात मुलांनी स्वतः बसविलेले नाटक. अमळनेरच्या शाळेत साने गुरुजींनी वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय' हे दैनिक हाताने लिहून काढले, तेही याच वळणाचे काम. यांतले सारेच निर्मळ होते असे नाही. त्या शाळांत मुली थोड्या होत्या आणि गावकुसाबाहेरच्या मुलाची घागर कित्येक ठिकाणी वेगळी होती. भाऊरावांनी सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविले म्हणून ते सनातन्यांच्या डोळ्यांत सलले. पण त्या परंपरेत एक तत्त्व होते: शाळा ही गावाची निर्मिती आहे आणि मूल हे तिचे गिऱ्हाईक नव्हे. आज त्या जागी काय आले? स्नेहसंमेलनात ध्वनिवर्धकाच्या भिंती आणि त्यांवर पुढाऱ्याचा हसरा चेहरा. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातून स्वागतकमान उभी राहते आणि प्रयोगशाळेत परीक्षानळ्या नसतात. याला सरकारी मान्यताही मिळाली. १८ सप्टेंबर २०२३ च्या 'दत्तक शाळा' योजनेने देणगीदाराचे नाव शाळेला जोडण्याचा दर ठरवून दिला. ग्रामपंचायत क्षेत्रातील शाळेसाठी पाच वर्षांना पन्नास लाख रुपये. ज्या बायकांनी मुठीमुठीने धान्य दिले त्यांची नावे कोणत्या पाटीवर आहेत? त्यांनी दान दिले तेव्हा पाटी मागितली नव्हती. म्हणूनच ती शाळा सर्वांची झाली.

सरकारला झोडपून हा लेख संपविणे सोपे आहे, पण ते अर्धसत्य ठरेल. पट घटला तो केवळ जन्मदर उतरला म्हणून नव्हे. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाची दुकाने उघडली आणि त्यांच्या पिवळ्या गाड्या सकाळी सात वाजता खेड्याच्या पारावर येऊन उभ्या राहिल्या. त्या गाडीत पहिली जागा कोणाच्या मुलाने पटकाविली? सरपंचाच्या, सोसायटीच्या अध्यक्षाच्या, बागायतदाराच्या, आणि खुद्द गावच्या शाळेतील शिक्षकाच्या. पुरोगामी चळवळीतल्या कार्यकर्त्याचे मूलही त्या गाडीत नव्हते, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याचे मूल शाळेतून गेले की शाळेच्या गळक्या छताचा शब्द ग्रामसभेत उठत नाही. मागे उरतात ती मजुरांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची, दलित-आदिवासींची मुले. आणि त्यांचा पट कमी भरला म्हणून शिक्षा त्यांनाच. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितले होते की, पैसा रयतेकडून येतो आणि शिक्षण वरच्या वर्गाला मिळते. त्या निवेदनातील तक्रार आजही खोडली गेलेली नाही. फक्त वरच्या वर्गात थोडा बहुजनसमाज जाऊन बसला आहे. संस्थाचालकांची गोष्ट याहून वेगळी नाही. लोकवर्गणीतून जन्मलेल्या संस्था कित्येक ठिकाणी एकेका घराण्याच्या वतनासारख्या झाल्या, नेमणुकीला भाव फुटला, आणि निवडणुकीत शिक्षक हा बिनपगारी प्रचारक ठरला. अशा शाळेसाठी गाव रस्त्यावर उतरत नाही, याचे नवल वाटायला नको.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. शिक्षणाचा हक्क दहावीपर्यंत, आणि पुढे बारावीपर्यंत, कायद्याने वाढवावा. शाळा राहावी की नाही हे पटावरून नव्हे, तर अंतरावरून ठरावे. पाच किलोमीटरचे वचन हा निकष मानून डोंगर, नदी आणि पावसाळा त्यात धरावा. कोठारींचे संकुल त्याच्या मूळ अर्थाने आणावे: विज्ञानाचा, इंग्रजीचा आणि खेळाचा पूर्णवेळ शिक्षक तीन-चार शाळांना मिळून द्यावा आणि प्रवासाची तोशीस पगारदार शिक्षकाला, त्याच्या भत्त्यासह, लागावी, ती चौदा वर्षांच्या मुलीला लागू नये. वेतनेतर अनुदान इतके असावे की प्रयोगशाळा आणि मैदान यांसाठी कोणाच्या दारात जावे लागू नये. संस्थांचे हिशेब ग्रामसभेपुढे वाचले जावेत.

या मागण्या निवेदने देऊन पदरात पडणार नाहीत. त्यासाठी कार्यकर्त्याने आधी आपल्या गावच्या हायस्कुलात जाऊन हजेरीपट पाहिला पाहिजे. आठवीत किती मुली होत्या आणि दहावीत किती उरल्या, गळालेली प्रत्येक मुलगी कोणत्या वाडीची, तिचे अंतर किती, खेळाचा तास शेवटचा केव्हा झाला, हे कागदावर उतरविले पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मजूर पालकाला बोलते केले पाहिजे. आणि ज्याला शक्य आहे त्याने आपले मूल त्याच शाळेत घातले पाहिजे. त्याशिवाय बाकीच्या बोलण्याला गावात किंमत येत नाही. काल्याच्या शाळेला आणि गोळेश्वरच्या मल्लाला गावाने उभे केले, तेव्हा गाव श्रीमंत नव्हते. सरकार पटाचा हिशेब मागते आहे, तर गावाने तो जरूर द्यावा. पण त्या हिशेबात एकोणीस मुलांच्या पुढे त्या एकोणीस जणांची नावेही लिहावीत.